रस्त्याची कड आणि इमारतीची रेषा : एक संवाद

आक्षेपक : हमरस्त्याला लागून ज्याची वीस गुंठे जमीन आहे अशा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या खातेदाराची बाजू मी मांडतो, आणि त्याचे समाधान होईल असे उत्तर आपण द्यावे. सातबाऱ्यावर नाव त्याचे, सारा भरणारा तो, उद्या बिनशेती आकारणी झाली तर तीही त्याच्याच माथी. असे असता रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत त्याने वीट रचू नये, आणि ७५ मीटरपर्यंत जे काही रचायचे ते सरकारला विचारून रचावे, हा दंडक त्याच्यावर का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकात सपाट प्रदेशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमधील अंतर ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमधील अंतर १५० मीटर धरलेले आहे. हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात, म्हणून ते जमिनीवर मांडून पाहू. रस्त्याची स्वतःची हद्द ४५ मीटर धरली, तर मध्यापासून २२.५ मीटरवर सरकारी जमीन सरते. तेथून इमारत रेषेपर्यंतचे १७.५ मीटर त्या खातेदाराच्या मालकीचे. त्याच्या तुकड्याचा दर्शनी भाग ३० मीटर असेल, तर ५२५ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांहून अधिक जागा, त्याची असूनही बांधकामाच्या कामाची उरत नाही. रीतसर भूसंपादन झाले असते तर नोटीस निघाली असती, हरकती ऐकल्या गेल्या असत्या, निवाडा होऊन मोबदला ठरला असता. येथे संपादन नाही, म्हणून निवाडाही नाही. जमीन मालकाच्या नावावर ठेवूनच तिचा चौथा हिस्सा सरकारने आपल्या कह्यात घेतला, असे त्याला वाटले तर त्याचे काय चुकले?

समर्थक : ‘कह्यात घेतला’ हे शब्द मला जरा भारी वाटतात, कारण त्या वीस गुंठ्यांना आज जो भाव आहे तो कोणामुळे आला, हा प्रश्न त्यांत पार गिळला गेला आहे. तीच जमीन रस्त्यापासून दोन शेते आत असती, तर तिच्यावर हॉटेल, गॅरेज किंवा बी-बियाण्यांचे दुकान काढण्याची कल्पनाही कोणाला शिवली नसती. तेथे कापूस पिकला असता, मिरची पिकली असती, आणि भाव शेतजमिनीचाच राहिला असता. सार्वजनिक पैशाने रस्ता झाला आणि त्या रस्त्याने खातेदाराच्या दाराशी गिऱ्हाईक आणून उभे केले. तेव्हा त्या रस्त्याचा रस्तेपणा टिकावा एवढ्यापुरती एक मर्यादा त्याने पाळली, तर यात अन्याय तो कोणता? ही मर्यादा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतूनही निघालेली नाही. मुंबई राज्याने १९५५ साली महामार्ग अधिनियम केला तेव्हा रस्त्याची हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखण्याचा अधिकार सरकारकडे आला. त्या काळी आजचा नंदुरबार जिल्हा पश्चिम खानदेशात मोडत होता, आणि १ मे १९६० रोजी या भागातली जी गावे गुजरातेत गेली त्यांनाही तोच कायदा वारशाने मिळाला. त्याच्याही आधी, १९३५ साली, रस्त्याच्या दुतर्फा फितीसारख्या लांबत जाणाऱ्या वस्तीला आवर घालण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला होता. कारण सर्वत्र घडते ते सारखेच. गावातली गर्दी टाळण्यासाठी सरकार बाहेरून वळणरस्ता काढते. काही वर्षांत त्या वळणरस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळे, मंगल कार्यालये, भंगाराची दुकाने आणि पानटपऱ्या लागतात. वळणरस्ता पुन्हा पेठ होऊन बसतो, आणि मग त्यालाही वळसा घालणारा दुसरा रस्ता आखण्याची वेळ येते. असा प्रत्येक वळसा कोणाच्या तरी पिकत्या शेतातून जातो. आपल्या खातेदाराचे पाच गुंठे मोकळे राहिल्याने आतल्या बाजूच्या खातेदारांची किती एकर जमीन वाचते, हेही हिशेबात धरावे लागेल.

आक्षेपक : हिशेब करायचा तर पुरताच करू. रस्त्याचा वेग राहावा आणि माणसे मरू नयेत म्हणून इमारत दूर हवी, असे आपण म्हणता. मग तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे चढू लागा. तेथे वळणामागे काय आहे ते दिसत नाही, पावसाळ्यात दरड येते, ब्रेक निकामी झालेला ट्रक थेट ओट्यावर चढण्याची धास्ती सपाटीपेक्षा तेथे अधिक. आणि नेमक्या अशाच मुलखात तेच मानक इमारतीला रस्त्याच्या हद्दीपासून ३ ते ५ मीटर अंतर पुरे मानते. धोका वाढतो तिथे अंतर आखडते आणि धोका कमी तिथे ते ऐसपैस पसरते, याची संगती कशी लावायची? दुसरी गोष्ट रस्त्याच्या वर्गाची. त्याच मानकात प्रमुख जिल्हा मार्गावर इमारत रेषांमधले अंतर ५० मीटर आहे, राज्य महामार्गावर ते ८० होते. रस्ता तोच, डांबर तेच, कडेचा लिंबही तोच; दप्तरात त्याची पायरी एकीने चढली की रेषा मध्यापासून २५ मीटरवरून ४० मीटरवर सरकते, आणि काल नियमात बसणारे दुकान जागचे इंचभर न हलता अनियमित ठरते. या जिल्ह्यात हे कल्पनेतले भय नव्हे. शेवाळी-नंदुरबार-तळोदे-अक्कलकुवे-नेत्रंग हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ७५३ बी म्हणून ओळखला जातो, आणि खेतियाकडून शहाद्यावरून दोंडाईच्याला जाणारा ७५२ जी म्हणून. अंतराचे नियम नावावर टांगले की लोक अंतर बदलत नाहीत, नाव बदलतात. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको असे फर्मावले, पुढे ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणांपुरते ते अंतर २२० मीटर केले. तेव्हा काही ठिकाणच्या सरकारांनी दुकाने हलवण्याऐवजी शहरातल्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला. ज्याच्या हाती दप्तर आहे त्याला रेषेतून वाट सापडते, आणि वीस गुंठेवाल्याच्या हाती दप्तर नसते.

समर्थक : घाटाचा आक्षेप मी टाळणार नाही. घाटात वेग मंद असतो असे म्हणून मी सुटू शकलो असतो, पण ते उत्तर अर्धेच आहे. डोंगरात सोडायला जमीनच नाही म्हणून मानकाने तेथे हात आखडला, हे उरलेले अर्धे. मात्र यावरून अंतराचा नियम पोकळ ठरतो असे मला वाटत नाही. त्यावरून एवढेच निघते की इमारत किती दूर आहे यापेक्षा तिचे फाटक कोठे आणि कसे उघडते, यात जीविताचा प्रश्न अधिक गुंतलेला आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर तोडते. अडथळा दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर ५५ मीटर निव्वळ भान येण्यात जातात, आणि गाडी पूर्ण थांबण्यासाठी मानकाने एकूण १२० मीटर दृष्टी मोकळी हवी असे ठरवले आहे. आता ऊसतोडीच्या हंगामात पुरुषोत्तमनगरच्या वाटेवर रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एखाद्या हॉटेलच्या आवारातून निघून आडवा होतो, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि कडेला पत्र्याचा फलक व उभे ट्रक असल्याने येणाऱ्याला १२० मीटरांऐवजी ३० मीटरच दिसतात, अशी कल्पना करा. तेथे भिंत कोठे आहे हे गौण. वाट कोठे फुटली आहे यावर सारे अवलंबून. म्हणूनच राष्ट्रीय महामार्गांची जमीन व वाहतूक यांच्या नियंत्रणाच्या २००२ च्या कायद्याने महामार्गाला जोडणाऱ्या प्रत्येक पोहोच रस्त्याला पूर्वपरवानगी आवश्यक केली. पेट्रोलपंपासाठी तर मानकाने वाटेचा आराखडाच घालून दिला आहे: आत शिरणाऱ्याला वेग उतरवण्यासाठी ७० मीटरांची मार्गिका, बाहेर पडणाऱ्याला वेग धरण्यासाठी १०० मीटरांची, वळणाची त्रिज्या किमान १३ मीटर, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन पंपांमध्ये ३०० मीटर अंतर. यांतला कोणता आकडा आपण कमी कराल?

आक्षेपक : एकही नाही, पेट्रोलपंपाच्या बाबतीत एकही नाही. फाटकाचा नियम जीविताचा आहे हे मी मान्य करून टाकतो, आणि भिंतीच्या नियमापासून तो वेगळा काढल्याबद्दल आपला आभारीही आहे, कारण पुढे त्याचा मला उपयोग होईल. परंतु हा आराखडा झेपतो कोणाला? त्या मार्गिका बव्हंशी रस्त्याच्या हद्दीत येत असल्या तरी त्यांचा खर्च अर्जदाराच्या शिरावर असतो. नकाशे, मोजणी, ना हरकत दाखले, परवाना शुल्क आणि खडी-डांबर हे सारे तेल कंपनीला किंवा मोठ्या हॉटेलवाल्याला शक्य आहे. नवापूर, तळोदे, अक्कलकुवे आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे रस्त्याकाठच्या जमिनीचा धनी पुष्कळदा आदिवासी शेतकरी असतो, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे १९७४ पासून ती जमीन बिगर आदिवासीकडे शासनमान्यतेवाचून जाऊ शकत नाही. ते कलम हवेच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्याचा एक परिणाम असा की शहरातला माणूस जसा अडचणीचा भूखंड विकून मोकळा होतो तसे या मालकाला होता येत नाही. त्याला त्या तुकड्यावर स्वतःच काही तरी करायचे असते: चहाचे हॉटेल, पंक्चरचे दुकान, सीताफळाच्या दिवसांत पाट्या मांडायला एक मांडव. त्याच्यासाठी ७० आणि १०० मीटरांचा आराखडा म्हणजे नकारच होय. मग तो परवानगी मागतच नाही; बांबू, कुडाच्या भिंती आणि वर चार पत्रे टाकून इमारत रेषेच्या आतच, अगदी रस्त्याच्या खांद्याला खेटून बसतो, आणि पाहणी आली की पत्रे उतरवतो. नियमाने धोका घटवला म्हणावे, तर त्याने धोक्याचे दोन वर्ग पाडले: ज्याच्यापाशी भांडवल आहे त्याची वाट सुरक्षित आणि कायदेशीर, ज्याच्यापाशी नाही त्याची असुरक्षित आणि बेकायदेशीर.

समर्थक : निदान आपले बरोबर आहे, पण औषध म्हणून आपण नियमच काढून टाकू पाहता असे दिसते. छोट्याला झेपत नाही ते एकट्याला झेपत नाही. पेट्रोलपंप एकमेकांना लागून आले तर प्रत्येकाने महामार्गाला स्वतंत्र भोक पाडू नये, ७ मीटर रुंदीच्या सामाईक सेवारस्त्याने सर्वांनी एकाच ठिकाणी बाहेर पडावे, अशी सोय त्याच मानकात आहे. जी सोय पंपांना मिळते ती चहा, पंक्चर आणि सीताफळाच्या दुकानांना का मिळू नये? दहा टपऱ्यांच्या दहा वाटांऐवजी त्यांच्या पुढून समांतर एक रस्ता आणि त्याची महामार्गाला दोन टोके. आणि तो समांतर रस्ता कोठे बसणार? ज्याला आपण वाया गेलेली जागा म्हणता त्याच साडेसतरा मीटरांच्या पट्ट्यात. साखर कारखाने, सूतगिरण्या, पतपेढ्या सहकाराने उभ्या करणाऱ्या खानदेशाला सामाईक वाट उभी करता येणार नाही, असे मी मानत नाही. शिवाय मोकळी जागा ही केवळ हमरस्त्याची गरज आहे असेही नव्हे. मुंबईत १८९६ ची प्लेगची साथ आली आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींचा दोष डोळ्यांआड करणे अशक्य झाले. १८९८ साली सुधार समिती, म्हणजे तेव्हाचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला, आणि खोलीत आकाश दिसावे म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम त्याने चालवला. आज नगररचना कार्यालयात ज्याला आपण सामासिक अंतर म्हणतो ते त्या प्लेगच्या वारशातले आहे. राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतीच्या आवाराच्या मुख्य प्रवेशद्वाराची रुंदी किमान ६ मीटर मागते ती अग्निशामक बंब आत शिरावा म्हणून. हे अंतर सोडताना मालकाला तोटा दिसतो, कारण त्यातून वाचलेला जीव त्याला कधीच दिसत नाही.

आक्षेपक : वाचलेला जीव दिसत नाही हे खरे, पण सोडलेले अंतर तरी दिसावे ना? १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्ह्याचे ठिकाण झाले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे व्यापारी संकुले आली. त्यांतल्या कोणत्याही एकापुढे उभे राहून मंजूर नकाशा आणि समोरची वस्तुस्थिती ताडून पाहावी. नकाशात समोरच्या सामासिक अंतरात एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असे दुचाकींचे चौकोन नेटके आखलेले असतात. जागेवर पाहिले तर तेथे शटरपुढचा सिमेंटचा उतार असतो. हा उतार का आला, तर रस्त्यावर दर खेपेस जुने न उकरता नवा थर चढत गेला, रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला, पावसाचे पाणी दुकानात शिरू लागले, म्हणून मालकाने जोते वाढवले आणि उताराची शेपटी गटारीवरच्या फरशीवर नेऊन टेकवली. उरलेल्या जागेत जनरेटर, त्यापुढे लोखंडी कपाटे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. दुचाकी रस्त्यावर, आणि दुचाकींच्या बाहेरच्या अंगाला बाजाराच्या दिवशी पाट्या घेऊन बसलेल्या बाया. मालवाहू वाहनाच्या जागेचे माप मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ३.७५ गुणिले ७.५ मीटर होते. मोटार वाहन नियम मात्र एकसंध ट्रकला १२ मीटर लांबीची मुभा देतात. मिरचीच्या पोत्यांचा असा ट्रक दुकानापुढे मागे घ्यायचा तर त्याचे तोंड रस्त्यावर राहणारच. आणि २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबईसारखे काही प्रदेश वगळता साऱ्या महाराष्ट्राला एकत्र बांधते. दाट वस्तीला तिने सवलती दिल्या आहेत हे मी जाणतो, परंतु सोडलेल्या अंतराचे पुढे काय होते याची चौकी भोगवटा प्रमाणपत्रानंतर कोण करते? आपल्या जुन्या पेठेतली धाब्याची घरे भिंतीला भिंत लावून उभी होती, गल्ली अरुंद होती, आणि खानदेशच्या वैशाखात दुपारी त्या गल्लीत सावली तरी होती. आता प्रत्येक इमारतीपुढे फरसबंद, तापलेला, अडगळीने भरलेला एक पट्टा आहे, ज्यात बंबही शिरत नाही आणि माणूसही थांबत नाही.

समर्थक : अंमल ढिला आहे म्हणून तत्त्व खोटे, हे अनुमान मी स्वीकारत नाही. उताराने जोत्याच्या आतच चढावे, गटारीवर जाऊ नये, हे आपणही मान्य कराल. आणि रस्त्याचा थर उकरून टाकण्याचे कर्तव्य नगरपालिकेचे व बांधकाम खात्याचे, हे मी मान्य करतो. दोघांनीही आपापली कड सांभाळायची हा व्यवहार आहे, आणि एका बाजूने तो मोडला म्हणजे दुसरीही सुटते ही आपली खरी व्यथा. त्यात शासनाचा वाटा मी लपवत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा; २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढे नेली. त्यामध्ये, २०१७ साली, प्रशमित संरचनांचे नियम आले आणि २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मिळाली. ज्याने अंतर सोडले त्याने जागा गमावली, ज्याने सोडले नाही त्याने काही रक्कम भरून ती कमावली, असे चित्र उभे राहिले तर नियम पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरवले असे होते. तरीही मोकळा पट्टा म्हणजे मेलेली जमीन, हे मात्र मी नाकारतो. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या आपण पाहता. ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या जमिनीवर पसरतात, मजूर बाया ती दिवसभर हलवतात, देठ खुडतात, वाळली की पोती भरतात. त्या धंद्याला ऊन हवे, वारा हवा, वाहनाला येण्याजाण्यास जागा हवी. छप्पर लागतच नाही. इमारत रेषेने मनाई केली ती बांधकामाला. मिरची वाळवायला नव्हे, गाडी उभी करायला नव्हे, चार लिंब लावायलाही नव्हे. मालकाच्या हक्कांच्या मोळीतली एक काठी काढून घेतली, मोळी त्याच्याच खांद्यावर आहे.

आक्षेपक : काठी काढली ती किती काळासाठी, एवढेच आता मला विचारायचे आहे, आणि मघा भिंत व फाटक आपण वेगळे केलेत त्याचा उपयोग मी येथे करतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचे कलम १२७ आपणांस ठाऊक आहे. विकास योजनेत एखाद्या भूखंडावर शाळेचे, बागेचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडले, आणि दहा वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतरही कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, जी २०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने आहे, संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे लोकहितासाठीसुद्धा एखाद्याची जमीन अनिश्चित काळ टांगून ठेवू नये, हे तत्त्व आपल्या विधिमंडळाने मान्य केलेले आहे. इमारत रेषेला हे तत्त्व का लागत नाही? रस्ता रुंद होईल म्हणून बापाने अंतर सोडले, मुलाने सोडले, नातवाने परवानगी मागितली तेव्हाही रस्ता तेवढाच होता आणि उत्तरही तेच. या रेषेला मीटर आहेत, वर्षे नाहीत. फाटकाच्या नियमाला मुदत नको, कारण भरधाव गाडीला थांबायला लागणारे १२० मीटर पन्नास वर्षांनीही लागतील. परंतु भिंतीच्या त्या साडेसतरा मीटरांत जीवरक्षणाचे मीटर किती आणि उद्याच्या रुंदीकरणासाठी राखून ठेवलेले किती, हे कोणी कधी वेगळे काढले आहे काय? घाटात ३ ते ५ मीटरांत भागते, तर उरलेले कशासाठी आहेत ते उघड आहे.

समर्थक : इतके उघड ते नाही, पण प्रश्न आपण अचूक जागी नेऊन ठेवला आहे. समजा, आपल्या म्हणण्याप्रमाणे मी पट्ट्याचे दोन भाग केले: रस्त्याच्या हद्दीलगतचा एक भाग दृष्टी, सेवारस्ता आणि वाहनांचे वळण यांसाठी कायमचा, त्यापुढचा भाग रुंदीकरणासाठी, आणि त्याला दहा-पंधरा वर्षांची मुदत. मुदत संपताच काय होईल याचा विचार करा. ज्या रस्त्याला आज दोन मार्गिका पुरतात त्याला चार कधी लागतील हे वाहतूक ठरवते, कॅलेंडर नव्हे. मुदत सरल्यावर त्या भागात पक्की दुकाने उभी राहतील, आणि त्यानंतर पाच वर्षांनी चौपदरीकरण आले, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तत्त्वाने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकणारा मोबदला, शिवाय बांधकामांची किंमत, हे सारे सार्वजनिक तिजोरीतून जाईल. किंवा रस्ता रुंद होणारच नाही, आणि पुन्हा एखादा वळसा आतल्या शेतकऱ्याच्या रानातून जाईल. आज आपण वीस गुंठेवाल्याला जे वाचवू ते उद्या दुसऱ्या वीस गुंठेवाल्याकडून वसूल होईल, आणि तो दुसरा आज या वादात हजरही नाही.

आक्षेपक : जो हजर नाही त्याच्या वतीने जो हजर आहे त्याने विनामोबदला किती काळ भरत राहावे, हाच माझा प्रश्न होता, आणि तो आता आपल्या तोंडून आला. मुदत नको असेल तर भाडे द्या. राखून ठेवलेल्या भागाचा वार्षिक काही मोबदला, निदान त्या भागापुरती आकारणीत सूट, किंवा तो कायमचा सोडायला तयार असणाऱ्याला उरलेल्या भूखंडावर त्या क्षेत्राचे चटई क्षेत्र, जसे शहरात रस्तारुंदीत गेलेल्या जागेबद्दल देतात. मात्र मी हेही कबूल करतो की नवापूरच्या चहावाल्याला वाढीव चटई क्षेत्राचा काडीचा उपयोग नाही. त्याला दुसरा मजला चढवायचाच नाही.

समर्थक : आणि भाडे द्यायचे म्हटले तर जिल्ह्यातल्या सर्व हमरस्त्यांच्या दोन्ही कडांचे द्यावे लागेल, ज्यांतले बहुतेक मीटर कधीच रुंदीकरणात जाणार नाहीत, तेव्हा कोणत्या कडांना ते द्यायचे हे ठरवण्यासाठी रस्ता कोठे वाढणार हे आधी जाहीर करावे लागेल, आणि ते जाहीर केले की त्याच दिवशी तेथले भाव आणि तेथली अतिक्रमणे दोन्ही वाढतील. सरकार अनिश्चितता स्वतःच्या सोयीसाठी जपते, असे आपण म्हणाल. काही अंशी ते खरे आहे. पण त्या अनिश्चिततेमुळेच काही कडा आजवर मोकळ्या राहिल्या, हेही खरे. कोणत्या मीटरला जीविताचे कारण आहे आणि कोणत्या मीटरला केवळ अंदाजाचे, ही वाटणी प्रत्येक रस्त्यावर मोजून करावी, यावर आपले दोघांचे एकमत झाले असे मी धरतो. अंदाजाच्या मीटरचा भार मालकाने वाहायचा, की रस्ता वापरणाऱ्याने, की अजून न आखलेल्या वळशाखाली ज्याचे शेत येणार आहे त्याने, याबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि मोजणी झाल्यावरही होईन असे आज सांगू शकत नाही.